तुमचं तुम्ही ठरवा

अकरा वर्षं मी एका हेडमास्तरांच्या हाताखाली काढली. माणूस म्हणजे एकखांबी तंबू. कुठल्या वर्गाची कुठली खिडकी उघडायची, खडूचा डबा कुणाच्या कपाटात राहायचा, पंधरा ऑगस्टला पोरांना चॉकलेट द्यायचं की बुंदीचा लाडू, सगळं तेच ठरवणार. आम्ही पाच शिक्षक फक्त मान हलवायला. एका जूनमध्ये सुट्टी संपवून शाळेत आले तर माझी चौथी गेलेली. दोन वर्षं मी त्या पोरांच्या मागे घसा फोडला होता. मला न विचारता ती पोरं दुसऱ्या सरांकडे दिली आणि माझ्या गळ्यात पहिली बांधली. मी विचारलं, "सर, हे कुणी ठरवलं?" म्हणाले, "मी." आणि घंटा द्यायला निघून गेले.

त्या दिवशी घरी येऊन मी भांडी अशी आपटली की सासूबाई जपमाळ घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याला म्हटलं, "मी कधी हेड झाले ना, तर या माणसाच्या बरोबर उलट वागेन. भांडी घासणाऱ्या बाईलासुद्धा विचारल्याशिवाय काही करणार नाही." तो पेपर वाचत होता. म्हणाला, "आधी हो तर."

झाले. बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रुळाच्या कडेला एक गाव आहे, तिथल्या सरकारी मराठी शाळेत माझी हेड म्हणून बदली झाली. शाळा सातवीपर्यंतची. माझ्यासकट चार शिक्षक आणि बिसीऊट करणाऱ्या तीन बायका. बिसीऊट म्हणजे शाळेतलं दुपारचं गरम जेवण. शब्द कानडी आहे, पण आमच्याकडे मराठी शाळेतली पहिलीतली पोरंही तोच वापरतात. सकाळच्या गाडीने मी जायची, स्टेशनावरून दहा मिनिटं चालत. पावसात त्या वाटेला चिखल असा की चप्पल हातात घ्यावी लागे. तरी मी खुशीत जायची, कारण आता शाळा माझी होती. म्हणजे आपल्या सगळ्यांची होती, असं मी तेव्हा म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात मी शनिवारची बैठक सुरू केली. शनिवारी शाळा सकाळची. पोरं जेवून गेली, भांडी झाली की पहिलीच्या वर्गात सतरंजी घालायची आणि सगळ्यांनी खाली गोल बसायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. स्वयंपाकाच्या बायकांना मी हाताला धरून आणलं तेव्हा आमच्या एका सरांनी भुवई वर केली. मी म्हटलं, "सर, भुवई खाली घ्या. याही शाळेतच काम करतात." काय जोर होता तेव्हा माझ्या जिभेला!

त्या तिघी आपल्या दाराजवळ बसायच्या. सगळ्यांत मोठी ती आक्का. शाळेत गॅस यायच्या आधीपासून, चुलीच्या धुरात डोळे चोळत शिजवणारी. तिला अख्खं गाव आक्काच म्हणायचं. दुसरीला आम्ही मधली म्हणायचो. अंगापिंडाने दणकट, तोंडाने त्याहून. तिसरी धाकटी. निपाणीकडची माहेरवाशीण, या गावात सून म्हणून आली. नवरा गोव्याला कामाला जातो म्हणून गेला तो तिकडेच राहिला, दुसरी केली म्हणे. सासरच्यांनी मागच्या अंगणातली एक खोली दिली होती तेवढीच. तिची एकुलती एक मुलगी आमच्याच शाळेत सहावीत.

पहिले दोन महिने मी काही विचारलं की तिघी एका सुरात म्हणायच्या, "तुमी म्हणशिला तसं, बाई." मी वैतागायची. "अहो, मी म्हणेन तसं करायचं असतं तर बैठक कशाला घेतली असती? तुमच्या मनात काय आहे ते सांगा की!" मग एका शनिवारी धाकटीने पदराचं टोक पिळत पिळत तोंड उघडलं. अंड्याच्या दिवशी सातवीची पोरं पुढं घुसत्यात नि पहिलीची बारकी मागं राहत्यात, म्हणाली. मग वाढायचं काम सातवीच्याच पोरांना द्या की, म्हणाली. ज्याच्या हातात डाव असतो तो कशाला घुसंल? आम्ही चार डीएड झालेले तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. पुढच्या आठवड्यापासून सातवीची पोरं वाढायला लागली आणि रांगेतली मारामारी बंद झाली.

मला आकाश ठेंगणं झालं. आसपासच्या शाळांच्या हेडची महिन्याची बैठक असते, तिथे मी उभी राहून हे सांगितलं. हाताखालच्या माणसाला निर्णयात घेतलं की तो काम आपलं समजून करतो, वगैरे वगैरे. टाळ्या झाल्या. बैठक घेणाऱ्या साहेबांनी, "बाईंचं बघून शिका," असं बाकीच्यांना सांगितलं. घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, "मग आज आमटी कशाची करायची तेही बैठकीत ठरवूया." मी चिडले. माझी थट्टा मला कधीच सोसली नाही.

एक गोष्ट मात्र मी कधी कुणाला सांगितली नाही, आता सांगते. मी सगळं विचारायची असं नाही. पंखा असलेली खोली माझ्या वर्गाला होती, ती कुणाला द्यायची हे मी बैठकीत कधी काढलं नाही. दुपारची गाडी गाठायला मी वीस मिनिटं आधी निघायची, त्याला कुणाची हरकत आहे का, हेही विचारलं नाही. जे मला हवं होतं ते माझ्याकडे राहिलं. हे मला तेव्हा कळत होतं की नाही, देव जाणे. कळत असावं.

मग शाळेची पोरं कमी व्हायला लागली. गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली, टाय लावलेली पोरं चढायला लागली, नि आमचा पट दर वर्षी खाली. पट खाली गेला की सगळंच खाली जातं. एका ऑगस्टमध्ये वरून निरोप आला. आता इतक्या पोरांना तीन बायका बसत नाहीत, दोनच ठेवा. मी फोनवर विचारलं, "सर, कुणाला कमी करायचं?" पलीकडचा आवाज घाईत होता. "बाई, ते तुमच्या पातळीवरचं आहे. तुमचं तुम्ही ठरवा." मी शाळेच्या समितीच्या अध्यक्षांना गाठलं. ते ट्रॅक्टरवर होते. इंजिन बंद न करता म्हणाले, "आमी त्यातलं काय सांगणार? तुमीच बघा, बाई."

कुणाला कमी करायचं हे मला ठाऊक होतं. पहिल्या मिनिटाला ठाऊक होतं. मधलीच्या घरी चार एकर भाताचं रान, नवरा बेळगावात कारखान्यात कायम, मोठा पोरगा कमावता. ती शाळेत यायची ती घरात सुनेशी पटत नाही म्हणून, हे ती स्वतःच हसत सांगायची. आक्काच्या हाताशिवाय आमचं स्वयंपाकघर चालणार नव्हतं. आणि धाकटीला या कामाशिवाय दुसरं काही नव्हतं. काम होतं म्हणून सासरचे ती खोली तिला ठेवू देत होते, पोरगी डोळ्यांसमोर शिकत होती, गावात चार माणसांत तिला तोंड होतं. काम गेलं की सगळंच जाणार होतं. यात विचारण्यासारखं काय होतं, सांगा बरं?

पण मधलीचा दीर समितीत होता. आणि मधलीचं तोंड! एकदा भाजीवाल्याने हलकी भेंडी दिली तर तिने शाळेच्या फाटकात उभं राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. मला तिची भीती वाटायची. साध्या शब्दांत सांगते, मी घाबरले. पण घाबरले असं मी स्वतःला म्हटलं नाही. मी म्हटलं, हा माझा निर्णय नाही, हा त्यांचा आहे. ज्यांच्या पोटाचा प्रश्न, त्यांनीच तो सोडवावा. मी कोण लादणारी?

त्या शनिवारी सतरंजीवर मी भाषण केलं. भाषणच म्हणायचं. वरून असं असं आलंय, माझ्या हातात असतं तर मी तिघींनाही ठेवलं असतं, पण नाइलाज आहे. पण या शाळेत कुणीही कुणावर काही लादत नाही. म्हणून तुम्ही तिघी एकत्र बसा, एकमेकींच्या अडचणी समजून घ्या, आणि पुढच्या शनिवारी काय ठरलं ते सांगा. तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य. आमच्या भुवईवाल्या सरांनीसुद्धा मान डोलावली.  आक्का सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. मधली माझ्याकडे बघत होती आणि धाकटी आक्काकडे.

पुढचा आठवडा मी जन्मात विसरणार नाही. त्या तिघींची एक रीत होती. पोरं जेवून उठली की एका मोठ्या परातीत उरलेला भात-सांबार कालवायचा आणि तिघींनी एकाच परातीत हात घालायचा. मी कितीदा बघितलं होतं, तोंडं चालू, हात चालू, मधेच खिदळणं. सोमवारी तिघींनी तीन ताटल्या घेतल्या. आक्का आत गॅसजवळ बसली, मधली पायरीवर, धाकटी नळाजवळ. मंगळवारी आमटीत मीठ दोनदा पडलं. पडलं ते कुणी कबूल करेना. बुधवारी मधली माझ्या कानाशी आली, धाकटी घरी जाताना पिशवीतनं काय काय नेते ते तुमी कधी बघितलंसा काय, म्हणाली. मी तिला झापायला हवं होतं. मी म्हटलं, "ते तुम्ही आपसात बोला."

त्याच दिवशी दुपारी धाकटी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, तुमीच सांगा की वो कुणी जायाचं ते."

"अगं, मी सांगितलं तर तो माझा हुकूम झाला. मला तसं करायचं नाहीये."

"करा की हुकूम. आमास्नी हुकमाची सवय हाय. आमच्या तिघीत माझं कोण ऐकणार? मागं न्हाय कोण, पुढं न्हाय कोण. मी बोलली की मधली म्हणत्या, तू भायरची."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुलाही तेवढाच हक्क आहे. हक्काने बोल. घाबरू नकोस." घाबरू नकोस! मी म्हणाले हे, मी!  ती "बरं, बाई" म्हणून गेली, आणि मी वेळेवर गाडी गाठली.

शुक्रवारी काय झालं ते मला नंतर आक्काने सांगितलं. तीन दिवस बोलून काही ठरेना. मधली म्हणायची, मी का म्हणून जाऊ? आक्का कुणाचीच बाजू घेईना. तिला गावात राहायचं होतं, आणि मधलीचा दीर तिच्या भावकीतला. तेव्हा धाकटीच म्हणाली, "आपण देवीला विचारूया. माणसांत माझं कुणी न्हाय, पर देवीला समदं दिसतंय."

आमच्या त्या भागात देवीला कौल लावतात. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. एकदा देवी बोलली की त्यावर कुणी बोलायचं नाही. धाकटीची त्या देवीवर लई भक्ती. नवरा गेला, सासरच्यांनी मागच्या खोलीत टाकलं, तेव्हा ती रोज सकाळी कामावर यायच्या आधी देवळासमोर सडा घालायची. तिची खात्री होती. दुसरं कुणी नसलं तरी देवी तिला सोडणार नाही.

आता प्रश्न आला, आधी नाव कुणाचं घ्यायचं? आक्काचं नको, ती वडील. मधली म्हणाली, माझं तर अजिबात घेऊ नका. धाकटी म्हणाली, "माझं घ्या. माझंच आधी घ्या." गुरवाने विचारलं, आई, हिनं काम सोडावं काय? आक्का सांगत होती, बाई, लई वेळ काय पडेना. धाकटी हात जोडून बसली हुती, तोंडावर हसू हुतं. मग उजवी पडली.

शनिवारी तिघी आल्या. मधलीनेच सांगितलं, "बाई, ठरलं. देवीनं कौल दिलाय." मला राग आला. देवीवर ढकललं म्हणून मला त्यांचा राग आला! म्हणजे बघा, मला रागवायला तोंड होतं का? त्या तिघींनी जे केलं तेच मी केलं होतं, त्याआधी अध्यक्षांनी केलं होतं, त्याआधी त्या फोनवरच्या आवाजाने केलं होतं. खाली ढकलता ढकलता शेवटी खाली माणूसच उरलं नाही, तेव्हा त्या देवळात गेल्या.

त्या क्षणालासुद्धा माझ्या हातात होतं. मी म्हणू शकले असते, देवीचं देवळात, शाळेत मी हेड आहे, आणि मी सांगते की मधली जाणार. गाव खवळलं असतं, देवीचा शब्द मोडला म्हणून माझ्या नावाने बोंब ठोकली असती. फार तर माझी बदली झाली असती. मी धाकटीकडे बघितलं. ती खाली बघत होती. मी विचारलं, "तुला मान्य आहे ना?" ती म्हणाली, "देवीपुढं माझं काय चालतंय?" मी ठरावाचं पुस्तक उघडलं आणि लिहिलं, सर्वानुमते. तिघींनी खाली सह्या केल्या. धाकटीने नाव पुरं लिहिलं, मुलीनं शिकवलं होतं तसं एकेक अक्षर सुटं सुटं काढून.

सोमवारपासून ती आली नाही. मुलगी यायची. आधी ती वर्गात पुढे बसायची, आता मागे बसायला लागली, आणि जेवायला डबा घरनं आणायला लागली. बिसीऊट खायला तिची आई तिला देईना, की तीच खाईना, मी विचारलं नाही. आक्काने सांगितलं, धाकटी आता देवळाकडं फिरकत न्हाय. सडा न्हाय, दिवा न्हाय. पालखी दारावरनं गेली तवा दार लावून आत बसली. महिनाभराने सासरच्यांना ती खोली गुरांना हवी झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगीही आली नाही. दोघी निपाणीला आईकडे गेल्या, असं कळलं.

मी शनिवारची बैठक चालू ठेवली होती. सतरंजी घालायची, बसायचं. "तुम्हाला काय वाटतं?" असं मी विचारलं की सगळे दुसरीकडे बघायचे. आक्का तर एकदा स्पष्टच म्हणाली, "बाई, आमास्नी इचारू नका. काय ते सांगा, आमी करतो." तीन-चार शनिवार असे गेले आणि मग सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकली.

त्या दिवसांत मला जुने हेडमास्तर सारखे आठवायला लागले. त्यांनी एकदा शाळेच्या एका शिपायाला कामावरून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली आणि भर मैदानात, पोरांसमोर, तिने हेडमास्तरांना जे काही ऐकवलं, बाप रे! तुझं वाटोळं होईल, तुझ्या तोंडात किडे पडतील, मुडदा बसवला तुझा. पंधरा मिनिटं. हेडमास्तर हात मागे बांधून उभे. शेवटी ती दमून म्हणाली, "कुणी सांगितलं त्येला काढायला?" ते म्हणाले, "मीच काढलं. माझा निर्णय आहे." आणि मग सातवीवर गणित घ्यायला गेले. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतनं बघून मनात उकळ्या फुटल्यासारखे हसत होतो. बरी जिरली म्हातारबाची, असं मीच म्हटलं होतं. ती बाई शिव्या देऊन मोकळी झाली होती. पुढे तिचा नवरा दुसरीकडे लागला, तीही हसायला-बोलायला लागली. तो निर्णय बरोबर होता की चूक, मला आजही माहीत नाही. पण तिला तोंडावर शिव्या घालायला एक माणूस समोर उभा होता. धाकटीसमोर मी कुणाला उभं केलं? देवीला. जी तिची एकटीची होती तिलाच.

धाकटी मुलीचा टीसी मागायला येईल म्हणून मी वाट बघत होते. नवीन शाळेत हा दाखला लागतोच. ती आली नाही. शेवटी निपाणीच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला, मुलगी तात्पुरती बसवून घेतलीय, टीसी पाठवा. सात महिने झाले होते त्या कौलाला. मी म्हटलं, मीच घेऊन येते.

बसमध्ये सगळी वाट मी वाक्यं जुळवत होते. तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत तिच्या आईची दोन खोल्यांची जागा. सगळ्या गल्लीला तंबाखूचा वास, डोळे चुरचुरतात. धाकटी उंबऱ्याच्या आत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मला बघून उठायला लागली, सूप मांडीवर म्हणून तशीच अर्धी राहिली. "या या, बाई. बसा. आई, बाई आल्यात, चहा ठेव गं." वाळली होती. पण हसली, खरंच आनंद झाल्यासारखी हसली, आणि त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी शाळेत गेली होती. मी टीसी दिला. तिने हात पदराला पुसून तो घेतला, घडी न मोडता देव्हाऱ्यासारख्या एका फळीवर ठेवला. फळीवर आईची पोथी होती, डबा होता, देव एकही नव्हता. इकडचं तिकडचं झालं. आक्का बरी हाय काय, सातवीची पोरं अजून वाढत्यात काय. मग तीच म्हणाली, "बाई, तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी तर आमच्यावर सोडलं हुतं. तुमचा काय दोष? देवीनंच मला जा म्हटलं."

मी म्हटलं, "देवीनं नाही गं. मी."

तिचे हात चालू होते. पान, तंबाखू, दोरा.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की मधलीला काढायला पाहिजे. तुला नाही. मी तिला घाबरले, तिच्या दिराला घाबरले. म्हणून तुमच्यावर टाकलं. तुम्हाला मान म्हणून नाही टाकलं. माझ्याने बोलवेना म्हणून टाकलं."

हात थांबले. "ठाऊक हुतं तुमास्नी?"

"होय."

"मी दारात येऊन इचारलं, तवाबी?"

"तेव्हाही."

तिने सुपातला तंबाखू एका कडेला सारला. आत स्टोव्हचा आवाज येत होता. मग हळू आवाजात, मला सांगते आहे की स्वतःला ते कळू नये अशी म्हणाली, "मी सारखी हिशेब लावत बसलीया, बाई. माझं कुठं चुकलं, काय पाप घडलं, कुठल्या दिवशी शिळ्या हातानं फूल घातलं. रातभर तेच. पोरगीला म्हटलं, तू देवाचं नाव घेऊ नगं, आपलं त्येला चालत न्हाय. सात महिनं." तिने मान वर केली. "आणि तुमास्नी ठाऊक हुतं."

"मला बोल," मी म्हटलं.  "शिव्या घाल मला. चप्पल घे हातात. काय वाटेल ते बोल, पण बोल."

 तिने सुपातली अर्धी वळलेली विडी उचलली, दोरा गुंडाळला, गठ्ठ्यात ठेवली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, साध्या आवाजात म्हणाली, "आई, चहा ऱ्हाऊ दे. बाई निघाल्यात."